दादाची लिंक, आईचं दार आणि पंचावन्न टक्क्यांचा दावा

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या विंगमध्ये घरफोडी झाली. आई डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मी पुण्यात पीएचडीच्या नावाखाली, दादा बंगळूरला. दुसऱ्या दिवशी सकाळी फॅमिली ग्रुपवर दादाची लिंक येऊन पडली: ‘घरासाठी सर्वोत्तम दहा स्मार्ट लॉक आणि व्हिडिओ डोअरबेल.’ खाली मेसेज, “यातलं कुठलं घ्यायचं ते तू ठरव. रिसर्च तुझा आहे ना.” आईने ती लिंक उघडलीच नाही. तिने फोन करून एवढंच विचारलं, “ते लावलं की चोर येत नाही का गं?”

तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत किंवा पहिल्या सिनॉप्सिसपाशी अडकलेत, त्यांनी आईचा प्रश्न वहीत लिहून घ्या. संशोधनाचा प्रश्न इतका नीट मांडायला मला दीड वर्ष लागलं. त्यात कारण आहे, परिणाम आहे, आणि जे नाहीये तेही ऐकू येतंय: लावलं नाही तर किती येतात?

आता ती यादी बघा. दहा कुलपं, प्रत्येकाची किंमत, रंग, बॅटरी, आणि ‘उघडण्याचे पाच मार्ग’: बोटाचा ठसा, पिन, कार्ड, अ‍ॅप, किल्ली. कुलूप किती प्रकारे उघडतं ही कुलपाची जाहिरात असावी, यावर मी जरा वेळ हसत बसले. आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र दहांपैकी एकाही परिच्छेदात नव्हतं. यादी लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने जे मोजता येतं ते मोजलं. आपणही तेच करतो, फक्त त्याला ‘ऑपरेशनल डेफिनिशन’ म्हणतो.

मग मी शोधायला बसले की हा प्रश्न कुणी कधी तपासलाय का. तपासलाय, आणि या विषयातला सगळ्यात गाजलेला आकडा तिथेच भेटतो.

२०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या विल्शायर पार्क भागात रिंग या कंपनीने तिथल्या पोलिसांच्या साथीने एक प्रयोग केला. वस्तीतल्या साधारण दहा टक्के घरांना कॅमेऱ्याच्या डोअरबेल बसवल्या. सहा महिन्यांनी जाहीर झालं की आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत घरफोड्या ५५ टक्क्यांनी कमी झाल्या. हा आकडा पुढे कंपनीच्या प्रचारात फिरत राहिला. २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनने रिंग विकत घेतली. त्याच वर्षी एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने तो आकडा तपासायला घेतला आणि पुरावा फारच तकलादू असल्याचं लिहिलं.

तो लेख न वाचताही, फक्त वरच्या चार ओळींवरून, आकड्यात काय खटकतं ते तुम्ही सांगू शकता का? इथे थांबा आणि खरंच प्रयत्न करा. मला तीन गोष्टी दिसल्या. तुम्हाला चौथी दिसली तर कळवा.

पहिली गोष्ट दहा टक्क्यांची. समजा, वस्तीत सहा महिन्यांत २० घरफोड्या होत होत्या (हा आकडा माझा, हिशेबासाठी घेतलेला). धोका सगळ्या घरांना सारखा धरला तर दहा टक्के घरांच्या वाट्याला त्यातल्या दोन येतात. बेल लावलेल्या घरांकडे चोर अजिबात फिरकला नाही असं मानलं तरी २० च्या १८ होतील. ५५ टक्के घट म्हणजे २० च्या ९. मग उरलेल्या नऊ घरफोड्या कुठे गेल्या? त्या बेल नसलेल्या ९० टक्के घरांतून कमी व्हायला हव्यात. असं होऊ शकतं. गुन्हेशास्त्रात रोनाल्ड क्लार्क आणि डेव्हिड वाइजबर्ड यांनी १९९४ मध्ये हीच कल्पना मांडली होती: एका ठिकाणच्या उपायाचा फायदा आजूबाजूलाही झिरपतो, कारण चोराला नेमकं कुठलं घर सुरक्षित ते माहीत नसतं. पण मग कंपनीचा दावा ‘बेल घराला वाचवते’ असा राहत नाही. तो ‘शेजाऱ्याची बेल तुम्हाला वाचवते’ असा होतो. आणि तसं असेल तर आईने पैसे का घालवावेत? समोरच्या काकूंनी घालवावेत की!

दुसरी गोष्ट लहान आकड्यांची. २० चे ९ व्हायला वस्तीत क्रांती लागत नाही. एक टोळी पकडली गेली, रस्त्याचं काम निघालं, पावसाळा लांबला, तरी आकडा इतका हलतो. त्यातही असे प्रयोग कुठे होतात? जिथे आदल्या वर्षी ओरड झालेली असते तिथे. ज्या वर्षी आकडा चढलेला असतो त्याच्या पुढच्या वर्षी तो आपोआप थोडा उतरतो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. माझ्या आजीला हे ठाऊक होतं. ताप सर्वांत जास्त चढल्यावर दिलेला काढा हमखास लागू पडतो, असं ती स्वतःच म्हणायची आणि तरीही काढा द्यायची.

तिसरी गोष्ट तुम्हाला पाठच असेल: तुलनेचा गट कुठाय? एका वस्तीची तुलना तिच्याच कालच्या आकड्याशी केली, तर शहरभर झालेली घटही बेलच्या खात्यात जमा होते. उटा राज्यातल्या वेस्ट व्हॅली सिटीत पुढे बेल लावलेला भाग आणि न लावलेला भाग अशी तुलना करून पाहिली गेली, तेव्हा बेल नसलेला भाग काही मागे पडलेला दिसला नाही.

हे सगळं मी दादाला उत्साहाने सांगितलं. त्याचं उत्तर, “म्हणजे बेलचा उपयोग नाही?” नाही रे बाबा. पुरावा कच्चा आहे म्हणजे दावा खोटा आहे असं होत नाही. आपल्या सेमिनारमध्ये ही गफलत दर शुक्रवारी कुणीतरी करतं, आणि मीही केलीय, गाईड मॅडमसमोर.

आता उलट बाजूचं एक उदाहरण, कारण कंपनीच्या आकड्यांवर तुटून पडणं सोपं असतं, विद्यापीठातल्या आकड्यांपुढे आपण लगेच मान डोलावतो. इंग्लंड आणि वेल्सच्या मोठ्या गुन्हे-सर्वेक्षणाच्या आधारे निक टिली, अँड्रोमाखी त्सेलोनी, ग्रॅहम फॅरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराच्या सुरक्षासाधनांवर बरंच काम केलंय. २०१५ च्या त्यांच्या एका निबंधाचं शीर्षकच प्रश्न विचारतं: घरफोडीचे अलार्म घरफोडीचा धोका वाढवतात का? आकडेवारीत अलार्म असलेल्या काही घरांचं चित्र अलार्म नसलेल्या तशाच घरांपेक्षा वाईट दिसत होतं. यावरून अलार्म काढून फेकायचे का? तुम्हीच शक्यता मोजा. एकदा चोरी झाल्यावर लोक अलार्म बसवतात, म्हणजे कारण आणि परिणाम उलटे असू शकतात. अलार्मचा डबा बाहेरून दिसतो आणि ‘इथे चोरण्यासारखं आहे’ असं जाहीर करतो. अलार्म आहे म्हणून लोक खिडकी लावायला विसरतात. शिवाय अलार्म उगाचच इतक्यांदा वाजतात की शेजारी उठत नाहीत. प्रत्येक शक्यतेसाठी वेगळा विदा लागेल, आणि हे लेखक तसं कबूल करतात. म्हणून मला तो निबंध आवडतो.

त्याच गटाच्या २०१७ च्या निबंधात मात्र एक असा आकडा आहे, जो मी माझ्या आरएसीच्या सादरीकरणात भोळेपणाने वापरला आणि फटका खाल्ला. खिडक्यांना कुलपं, आत टायमरवरचे दिवे, दाराला डेडलॉक किंवा दुहेरी कुलूप, बाहेर सेन्सरवरचा दिवा: या चौकडीला ते ‘वाइड’ म्हणतात. काहीच सुरक्षा नसलेल्या घरांच्या तुलनेत ही चौकडी ४९ पट संरक्षण देते, असा निष्कर्ष आहे. समितीतल्या सरांनी शांतपणे विचारलं, “काहीच सुरक्षा नसलेली घरं कुणाची असतात?” मी गप्प. घरमालक कुलूपही बदलून देत नाही अशा भाडेकरूंची, गरिबांची, वारंवार चोरी होणाऱ्या वस्त्यांतली. म्हणजे ४९ पटीतला काही भाग कुलपाचा आणि काही भाग वस्तीचा. किती कुणाचा, ते नुसत्या पटीवरून कळत नाही.

या अडचणीतून वाट काढणारा अभ्यास हवा असेल तर नेदरलँड्सकडे बघा. तिथे १९९९ मध्ये इमारतींच्या नियमात बदल झाला: नव्या घरांची दारं-खिडक्या घरफोडीला टिकतील अशाच बसवायच्या. श्रीमंत असो की गरीब, घर नवीन असेल तर नियम लागू. म्हणजे कुलूप कुणी ‘निवडलं’ हा प्रश्नच बराचसा बाजूला पडतो. बेन व्होलार्ड आणि यान व्हान आउर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या बदलाच्या आधीची आणि नंतरची घरं ताडून पाहिली. नव्या घरांत वर्षाला १.१ टक्के असलेला घरफोडीचा धोका ०.८ टक्क्यांवर आला, म्हणजे साधारण चौथा हिस्सा कमी. ४९ पट आणि एक चतुर्थांश, दोन्ही शेजारी ठेवा. माझा विश्वास दुसऱ्यावर जास्त आहे, आणि तो लहान आहे म्हणून नव्हे. तो कसा आला ते मला आईला समजावून सांगता येतं म्हणून. सांगितलंही. ती म्हणाली, “म्हणजे दार मजबूत हवं. हे सांगायला हॉलंडला कशाला जायचं?”

तर डोंबिवलीला येऊ. मराठी वर्तमानपत्रातली घरफोडीची बातमी आठवा. ‘बंद घराचा कडी-कोयंडा तोडून’ किंवा ‘कोयंडा उचकटून’, मग ‘कपाटातील दागिने व रोख रक्कम असा ऐवज’. हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय की त्यातला मजकूर दिसत नाही. ‘बंद घर’ म्हणजे आत कुणी नव्हतं, आणि बाहेर लोंबणाऱ्या कुलपाने ते जगजाहीर केलं होतं. ‘कोयंडा उचकटून’ म्हणजे कुलपाशी कुणी खेळलंच नाही. पहार घातली ती चौकटीत. कुलपात पाच लिव्हर होते की बोटाचा ठसा होता याचा संबंधच आला नाही. शेजारच्या विंगमध्येही तेच झालं होतं. दादाच्या यादीतलं सगळ्यात महाग कुलूप आमच्या तीस वर्षं जुन्या, वाळवीने एकदा चाखलेल्या चौकटीवर बसवलं असतं तर चोराने ते अलगद चौकटीसकट बाजूला केलं असतं. वर त्या कुलपासाठी सुताराला दारात मोठा खाचा पाडावा लागणार, म्हणजे दार आणखी नाजूक. एक फायदा मात्र मान्य करायला हवा: दाराच्या आत बसणारं कुलूप, मग ते स्मार्ट असो की साधं नाइट लॅच, बाहेरून घर बंद असल्याचं सांगत नाही.

मग स्मार्ट कुलपांवरचं संशोधन कशावर असतं? त्यासाठी बर्कलीच्या ग्रँट हो, डेव्हिड वॅग्नर आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा निबंध वाचाच. तेव्हा बाजारात असलेली पाच कुलपं त्यांनी तपासली. त्यांचा हल्लेखोर पहार घेऊन येत नाही. ज्याला पूर्वी प्रवेश दिला होता आणि आता काढून घेतलाय तो येतो. काही कुलपं स्वतः इंटरनेटला जोडलेली नव्हती, फोनच्या आधारानेच त्यांना निरोप मिळायचा. मालकाने परवानगी रद्द केली तरी तो निरोप कुलपापर्यंत न्यायचा कुणी? तर ज्याची परवानगी रद्द झाली त्याच्याच फोनने. त्याने फोन एअरप्लेन मोडवर टाकला की कुलपाला पत्ताच नाही. मला हा निबंध वाचताना वाड्यातली गोष्ट आठवली: भाडेकरूला काढल्याची चिठ्ठी भाडेकरूच्याच हाती पाठवायची!

निबंध सुंदर आहे, पण तुम्ही त्याला विचारायचा प्रश्न असा: हा हल्लेखोर आईच्या आयुष्यात कोण आहे? तिच्या घराची दुसरी किल्ली समोरच्या काकूंकडे असते, गेली बावीस वर्षं. तिसरी आमच्याकडे. परवानगी रद्द करायची वेळ कधी आलीच नाही. उलट सहा महिन्यांनी भाडेकरू बदलणाऱ्या किंवा पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या माणसाला तो निबंध अगदी रोजच्या गरजेचा आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये लॉकस्टेट कंपनीने चुकीचं अपडेट पाठवलं आणि सुमारे ५०० कुलपं बंद पडली. त्यात असे खोल्या देणारे बरेच होते. कुलूप चोराने नाही, कारखान्यानेच निकामी केलं. घेणारच असाल तर म्हणून दुकानदाराला विचारा की अपडेट किती वर्षं मिळणार. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून हा कालावधी जाहीर करणं उत्पादकांना कायद्यानेच भाग आहे. आपल्याकडच्या दुकानदाराने मला “लाइफटाइम, मॅडम” असं सांगितलं. कुणाच्या लाइफचा, ते विचारलं नाही.

बोटाच्या ठशाबद्दल थोडं. आईच्या बोटांच्या रेषा घासून गेल्यात. रेशनच्या दुकानात मशीनवर तिचा अंगठा तीन-तीन वेळा ठेवावा लागतो. जिन्यात पिशव्या हातात, बोटं ओली, आणि दार म्हणतंय ‘पुन्हा प्रयत्न करा’. यादीतल्या पाच मार्गांपैकी तिच्यासाठी खरा मार्ग एकच उरतो, किल्ली. पिन चालला असता, पण तो ती कॅलेंडरवर लिहून ठेवणार याची मला खात्री आहे.

राहिली बेल. इथे मला यादीचा सगळ्यात जास्त राग आला, कारण कॅमेरा कुणाला बघतो हा प्रश्न तिने विचारलाच नाही. आईच्या दाराशी चोर अजून आलेला नाही. रोज येतात ते दूधवाला, कचरा नेणाऱ्या मावशी, पार्सलची मुलं आणि समोरच्या काकू, ज्यांचं दार या कॅमेऱ्यात थेट दिसणार. डेटा अँड सोसायटी या संस्थेचा २०२२ चा अहवाल नेमका यावर आहे: डोअरबेलचा कॅमेरा आला की ग्राहक पार्सल आणणाऱ्यांचे साहेब होऊन बसतात. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टाने शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यांविरुद्ध निकाल दिला, त्यात चित्रापेक्षाही दूरवरचा आवाज टिपण्यावर जास्त आक्षेप होता. आणि चित्रफीत कुणाकडे जाते? २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंगवर आरोप ठेवला की ग्राहकांच्या खासगी चित्रफिती कर्मचाऱ्यांना सर्रास बघता येत होत्या; कंपनीने ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातून तर व्यक्तीने घरगुती कामासाठी केलेला वापर वगळलेलाच आहे. म्हणजे काकूंनी तक्रार करायची ती आईकडेच, चहा पिता पिता.

दादा म्हणाला, “तुझं सगळं बरोबर, पण ती एकटी असते. बेल वाजली आणि ती पडली असेल तर मला इथून दिसेल तरी.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बघा, त्याला हवं होतं ते उपकरण चोरासाठी नव्हतंच. तो ५५ टक्क्यांच्या जाहिरातीतून स्वतःची काळजी विकत घेत होता, आणि मी आठवडाभर भलत्याच दाव्याचं खंडन करत बसले होते. आईला रोज दोनदा फोन करायचं आमचं ठरलंय. तो जास्त करतो, हेही लिहून ठेवते.

आता तुमच्यातल्या कुणाला विषय हवा असेल तर एक आहे. पोलिसांना एफआयआर संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. संवेदनशील गुन्हे सोडून. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर त्या बघता येतात. दोन-तीन पोलीस ठाणी घ्या, घरफोडीच्या फिर्यादी वाचा आणि नोंद करा: दार की खिडकी, कुलूप की चौकट, दिवसा की रात्री, घर किती दिवस बंद होतं. सुरुवातीच्या काही फिर्यादी मी स्वतः वाचल्या आणि एका जागी अडखळले. ‘कडी-कोयंडा तोडून’ हे शब्द जवळजवळ सारख्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. ते चोराने काय केलं याचं वर्णन आहे, की ठाणे अंमलदाराच्या हाताला पडलेलं वळण? दुसरं असेल तर वरती मी कोयंड्यावर उभा केलेला सगळा युक्तिवाद डळमळतो. पंचनाम्याशी ताडून पाहिल्याशिवाय हे सुटणार नाही, आणि पंचनामे पोर्टलवर नाहीत.

दरम्यान आईने सुताराला बोलावून चौकटीचा कुजका भाग बदलून घेतला, पट्टीला लांब स्क्रू मारून घेतले, आतून बसणारं साधं लॅच लावलं. दादाने तरीही बेल पाठवली. ती खोक्यातच आहे. काकूंना विचारून मग लावू, असं आई म्हणते.